मंचरचे वेफर्स : प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२५

९ जून, सोमवार

मावशीच्या बचत गटाला बारमाही चालेल असा एक पदार्थ हवा होता. पापड-कुरडया उन्हाळ्यापुरत्या, फराळ दिवाळीपुरता, मधल्या काळात गटाच्या बायकांच्या हाताला काम नाही. यंदा उन्हाळ्यानेही दगा दिला. पाऊस २६ मे रोजीच मुंबईत येऊन धडकला. इकडे गच्चीवर पसरलेला बटाट्याचा कीस आणि वाळवणाचे वेफर्स निम्मे भिजले, उरलेल्यांना आंबूस वास लागला. आता उन्हाच्या भरवशावर राहायचं नाही, असं बैठकीत एकमताने ठरलं. ओल्या बटाट्याचे काप थेट तेलात, आणि विक्री सुटी, वजनावर.

जागा मावशीची पडवी, विक्री पुणे-नाशिक रस्त्याकडेच्या गाळ्यात. तळायला तात्या. त्यांची हयात पुण्यात वेफर्सच्या भट्टीवर गेली, आता गुडघ्यांमुळे गावी असतात. झारा हातात आला की गुडघे आठवत नाहीत. माझ्याकडे मोजमाप, परवाने आणि ही वही.

पहिलं पान एका प्रश्नाला देते, कारण पुढचं सगळं त्यावर अडणार आहे. शेजारच्या टपरीवर कंपनीची दहा रुपयांची पाकिटं माळेने टांगलेली असतात. चवीला चांगली, गावोगाव मिळणारी, कधी न फसवणारी. तरीही पुण्याला गेलेला माणूस कॅम्पातून बुधानींचे वेफर्स बांधून आणतो आणि मुंबईहून येणारा कुलाब्याच्या कॅमीचे. नुसते खारे वेफर्स. त्यात असं काय असतं? ते उमगल्याशिवाय भट्टी पेटवली तर आपल्या हातून कंपनीची वाईट नक्कल होईल, दुसरं काही नाही.

१४ जून, शनिवार

पहाटे गुलटेकडी, मार्केट यार्ड. जूनमध्ये नवा बटाटा मागणं म्हणजे वेडेपणा. जो माल येतो तो आग्र्याचा, इंदूरचा, गुजरातचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेला आणि तेव्हापासून कोल्ड स्टोरेजात बसलेला. आपल्या भागातला खरीप बटाटा सप्टेंबरअखेरीस निघेल. तोवर यावरच हात बसवायचा.

आडत्याने एका दमात विचारलं, "भाजीला की वेफर्सला?" वेफर्स म्हटल्यावर त्याने वेगळी थप्पी दाखवली आणि म्हणाला, "मग शुगर फ्री न्या, ताई." भाव अर्थातच चढा. बाजारात हा शब्द इतका रुळलाय, की मधुमेह असलेली माणसं औषध समजून हा बटाटा मागून नेतात. त्यांना यात फसायला होतं. पिष्ट त्यात तेवढंच असतं, आणि पोटात गेल्यावर पिष्टाची साखरच होते. फरक आहे तो साठवणीचा. भाजीचा बटाटा दोन ते चार अंशांवर ठेवतात म्हणजे त्याला कोंब येत नाहीत. पण इतक्या थंडीत बटाटा स्वतःच्या पिष्टाची साखर करायला लागतो. असा बटाटा तळला की ती साखर तापून काप लाल-तपकिरी होतो आणि चव कडवट. वेफर्सचा बटाटा म्हणून दहा-बारा अंशांवर ठेवतात आणि कोंब रोखायला औषध फवारतात.

दोन्ही थप्प्यांतली एकेक गोणी घेतली. शुगर फ्री एकटी घेतली असती तर फरक कुणाला पटला नसता, आणि मावशीला तर मुळीच नाही. तिचं म्हणणं, बटाटा तो बटाटा.

१७ जून, मंगळवार

दोन चाचण्या, दोन्ही घरच्या सामानात होणाऱ्या.

पहिली मिठाच्या पाण्याची. एक लिटर पाण्यात साधारण १२५ ग्रॅम मीठ विरघळवलं की पाण्याची घनता १.०८ च्या आसपास येते. त्यात बटाटा सोडायचा. बुडला तर अंगात जीव आहे, म्हणजे त्यातला सुका अंश वीस टक्क्यांच्या वर आहे. तरंगला तर पाणीदार. भाजीच्या गोणीतले बहुतेक तरंगले, दुसऱ्या गोणीतले बहुतेक तळाला गेले. मावशी बादलीवर वाकून बराच वेळ बघत बसली. मग एक तरंगता बटाटा बोटाने दाबून खाली नेला. तो परत वर आला. "हा हट्टी दिसतोय," एवढंच म्हणाली, पण पुढच्या गोण्यांना ही बादली लावायची असं तिनेच ठरवून टाकलं.

हे का महत्त्वाचं ते हिशेबात दिसतं. पाणीदार बटाट्यात सुका अंश अठरा टक्के धरला, तर सोलून, कापून, तळून एक किलो वेफर्सला चार किलोच्या घरात बटाटा लागतो. तोच अंश वीस टक्के असला तर साडेतीनच्या थोडं वर. आणि पाणी जितकं जास्त, तितकं तेल जास्त, कारण पाण्याने रिकामी केलेली जागा शेवटी तेलच घेतं.

दुसरी चाचणी साखरेची. लघवीतली साखर तपासायच्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात. बटाटा कापून कापलेल्या अंगावर पट्टी दाबली की तिचा रंग सांगतो. दुकानदाराने काळजीने विचारलं, "घरात कुणाला शुगर निघाली का?" म्हटलं, बटाट्याला निघाली असावी. भाजीच्या गोणीत पट्टीने झटकन रंग बदलला.

२३ जून, सोमवार

आज घाणे काढले. सविस्तर लिहिते, कारण पहिल्या पानावरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर कढईत सापडलंय असं वाटतं.

काप दीड मिलिमीटर. तात्यांनी पात्याला आधी धार लावली. बोथट पात्याने काप कापला जात नाही, फाटतो, आणि फाटलेल्या अंगातून पिष्ट पाण्यात जातं नि तेल आत शिरतं. काप एका पाण्यातून काढून कापडावर पसरले. दोन-तीन पाणी धुवायचे असतील तर तात्या नाही म्हणाले. "सगळं धुऊन टाकलं तर खायचं काय?"

तेल १८० अंशांवर. तात्यांना तापमापी लागत नाही. एक काप सोडतात, तो किती वेळात वर येतो ते बघतात. मी मात्र तापमापी लावून बसले होते. दोन किलो काप कढईत पडले आणि पारा धाडकन १४० च्या खाली उतरला. साहजिक आहे. दोन किलो कापांत दीड किलोहून जास्त पाणी असतं, ते सगळं वाफ होऊन जायचं आहे, आणि त्यासाठी लागणारी उष्णता तेलातूनच ओढली जाते. कढईभर फेस, मोठमोठे बुडबुडे, वाफेने पडवी भरून गेली. मग पाणी संपत जातं तसा पारा हळूहळू वर चढतो. बुडबुडे बारीक होतात, खळखळ कमी होते, आवाज बसतो. आवाज बसला की तात्या झारा घालतात. एका घाण्याला सात-आठ मिनिटं.

मोठ्या कारखान्यात असं होत नाही. तिथे तेलाची लांबलचक नदी वाहती असते, काप एका टोकाला पडतात आणि दोन-तीन मिनिटांत दुसऱ्या टोकाला निघतात. तापमान सगळीकडे राखलेलं, काप धुऊन पिष्टमुक्त केलेले. त्यातून येतो तो हलका, दाताखाली सहज विरणारा, एकसारखा वेफर. कढईतला काप आधी मंद तापमानात शिजतो, मग कडक होतो. म्हणून तो जाडसर लागतो, दाताला थोडा प्रतिकार करतो, कडेने दुमडतो, दोन काप कधी एकमेकांना चिकटून येतात. अमेरिकेत याच पद्धतीच्या चिप्सना केटल चिप्स म्हणून जास्त पैसे मोजतात. तात्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग आमचा पगार तेव्हा का नाही वाढला?"

दोन्ही गोण्यांचे घाणे शेजारी ठेवले. भाजीच्या बटाट्याचे काप डागाळलेले, मधोमध तपकिरी, तोंडात शेवटी कडूपणा. लाल रंगाचा मुद्दा नुसता दिसण्याचा नाही. २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की पिष्टाचे पदार्थ खूप तापवले तर त्यांत अॅक्रिलामाइड नावाचं नको ते रसायन तयार होतं. बटाट्यात साखर जास्त आणि आच जास्त, की तेही जास्त. तेव्हा आपला वेफर फिका पिवळाच राहील. करपट काप हाताने निवडून टाकायचे, हे काम गटातल्या दोघींनी मागून घेतलं.

१ जुलै, मंगळवार

तेलावरून खडाजंगी. हिशेब मी मांडला. एका किलो वेफर्समध्ये तिसरा हिस्सा तेलच असतं, साधारण ३५० ग्रॅम. म्हणजे गिऱ्हाईक बटाट्याबरोबर तेलही विकत घेतं. पामतेल स्वस्त आणि टिकाऊ. शेंगदाणा तेल महाग आणि लवकर खवट होणारं. व्यापाराची वही पामतेलाच्या बाजूने बोलते.

मावशीने दोन्हीचे वेफर्स वाटीत घेतले, खाल्ले आणि पामतेलाची वाटी सरकवून दिली. टाळूला मेणचट थर राहतो म्हणाली. ते खरं आहे, थंडीत आणखी जाणवतं. तिचा दुसरा मुद्दा त्याहून वजनदार. आपलं मोठं गिऱ्हाईक उपासाचं, आणि उपासाच्या घरात शेंगदाणा तेलाला कुणी बोट दाखवत नाही.

शेंगदाणा तेल ठरलं. म्हणजे माल टिकणार नाही, म्हणजे तो थोडा-थोडाच तळावा लागणार, म्हणजे तो कायम ताजा असणार. ही साखळी मला हिशेब मांडताना दिसली नव्हती.

जुन्या तेलाचं काय, हाही प्रश्न आला. तळून खराब झालेल्या तेलाला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून मर्यादा घातली आहे. तेल तापून-तापून मोडलं की त्यात ध्रुवीय संयुगं तयार होतात, ती २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही. वडे-भज्यांच्या कढईला ही मोठी डोकेदुखी. वेफर्सच्या कढईतून मालच इतकं तेल घेऊन जातो, की रोज नवं ओतावं लागतं. तरी दिवसाअखेर तेल गाळायचं, आणि आठवड्याला कढई पूर्ण रिकामी करायची.

६ जुलै, रविवार. आषाढी

एकादशी, दुप्पट खाशी. काल रात्रीपर्यंत तळलेला माल आज दुपारच्या आत संपला.

सकाळी गल्लीतल्या एक आजी आल्या. पावशेर वेफर्स मागण्याआधी त्यांनी उलटतपासणी घेतली. तेल कोणतं? मीठ कोणतं? याच कढईत दुसरं काही तळता का, फरसाण, भजी, काही? मग थेट पडवीत आल्या, कढई पाहिली, तात्यांना म्हणाल्या, "तुम्ही होय! मग द्या अर्धा किलो."

प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर हेच असावं. पाकिटावर बारीक अक्षरांत सगळं छापलेलं असतं, पण पाकिटाला उलट प्रश्न विचारता येत नाही. गावच्या वेफर्सची जी गोडी लोक सांगतात तिच्यात चवीइतकाच हा भाग आहे. कुणी तळलं, कधी तळलं, कशात तळलं, हे विचारता येतं आणि उत्तर देणारा समोर उभा असतो.

निर्णय: या कढईत वेफर्सशिवाय काहीही तळायचं नाही. साबुदाण्याच्या पापड्यासुद्धा नाहीत, गटातल्या कुणी कितीही गळ घातली तरी.

१६ जुलै, बुधवार

संततधार. काचेची बरणी दिवसात असंख्य वेळा उघडते आणि संध्याकाळी तळातला माल सादळतो. कढईतून निघताना वेफरमध्ये दोनेक टक्के पाणी असतं. ते चार-पाच टक्क्यांवर गेलं की कुरकुरीतपणा संपला, चिवटपणा सुरू. मोठी बरणी बंद. घट्ट झाकणाचे पत्र्याचे छोटे डबे आणले, एका वेळी एकच उघडायचा.

पिशव्यांचाही घोळ आहे. लोकांना आतला माल दिसायला हवा असतो, पण पारदर्शक पिशवीतून उजेड जातो आणि उजेडाने तेल खवट होतं. चकचकीत चंदेरी पिशवीत टिकतो, दिसत मात्र नाही. नायट्रोजन भरायचं यंत्र परवडत नाही, आणि आठवड्याभरात खायच्या मालाला ते हवंय कशाला?

२८ जुलै, सोमवार

पहिला श्रावणी सोमवार. भीमाशंकरची गर्दी मंचरवरूनच घोडेगावकडे वळते, त्यामुळे पहाटे पाचला गाळा उघडला. गाड्या थांबत होत्या, पण त्यातले बरेचजण पाकीटच मागत होते. सुटे वेफर्स गाडीत चुरा होतात, ओल्या हाताने सादळतात. प्रवाशाला पाकीट लागतं आणि गावकऱ्याला सुटा माल. दोघांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

३ ऑगस्ट, रविवार

चाखणी. बुधानींचे, राजकोटच्या बालाजीचे, बहुराष्ट्रीय कंपनीचे आणि आपले, सगळे खारे, सगळे सारख्या ताटल्यांत, नावं झाकून. बसवले ते आळीतली मुलं, गटातल्या बायका आणि पारावरची दोन-चार ज्येष्ठ मंडळी.

मुलांनी पातळ, हलका वेफर उचलला, अगदी न चुकता. मोठ्यांनी कडक. पण ताटल्या संपायचा क्रम वेगळाच निघाला. ज्याची तारीफ झाली ते आणि ज्यावर हात पडत राहिले ते एक नव्हते. पातळ वेफर बोलता बोलता फस्त झाला, कुणाला कळलंही नाही. कडक वेफरची ताटली सावकाश रिकामी झाली आणि त्याविषयी लोक बोलत राहिले. भाचीने आपल्या ताटलीला नाक लावून सांगितलं, "याला बटाट्याचा वास येतो." ती नावं ठेवत होती की कौतुक करत होती, ते तिने सांगितलं नाही.

रात्री बसून थोडा इतिहास चाळला, गटाला सांगायला. बालाजीची गोष्ट बायकांना आवडेल. चंदूभाई विराणी १९७४ पासून राजकोटच्या अॅस्ट्रॉन सिनेमाच्या कँटीनमध्ये काम करायचे. बाहेरून येणारे वेफर्स वेळेवर मिळेनात म्हणून १९८२ मध्ये घरच्या अंगणात तळायला सुरुवात केली. आज ती देशातल्या मोठ्या वेफर्स कंपन्यांपैकी एक आहे, पण सुरुवात एका कँटीनच्या तगाद्यातून झाली.

दुसरी गोष्ट कॅलिफोर्नियातल्या लॉरा स्कडरबाईंची. १९२६ साली चिप्स पिंपातून किंवा काचेच्या डब्यातून सुटे विकले जात, तळातले शिळे आणि चुऱ्याचे. आमच्या बरणीचंच दुखणं. बाईंनी कामावरच्या बायकांना मेणकागद घरी न्यायला लावला. त्या इस्त्रीने कडा चिकटवून पिशव्या करत आणि दुसऱ्या दिवशी त्यांत माल भरत. पिशवीवर ताजेपणाची तारीखही टाकायला लागल्या. आमचा बचत गट तर शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी चालवून पाहिलाय.

मुळात वेफर्स गावोगावचे का राहिले, याचं एक रोकडं कारण आहे. वेफर्सच्या गाडीला वजन भरत नाही, जागा भरते. ट्रक गच्च भरला तरी वजनकाट्यावर हलका, आणि भाडं मात्र पूर्ण ट्रकाचं. शिवाय माल ठिसूळ. जितका लांब पाठवाल तितकी हवा पाठवाल आणि तितका चुरा मिळवाल. म्हणून अमेरिकेतसुद्धा पेनसिल्व्हेनियात हॅनोव्हर गावचे अट्झ चिप्स १९२१ पासून टिकून आहेत. बहुराष्ट्रीय कंपन्यांनाही हे कळतं, त्या कारखाने विखरून बांधतात. त्यातला एक आपल्याच रांजणगावात आहे. म्हणजे भूगोल बघायचा तर टपरीवरचं पाकीटही पुणे जिल्ह्याचंच निघेल! गावपण पत्त्यावरून ठरत नाही, हे आता गटाला नीट समजावायला हवं, कारण कालच एकीने पाकिटावर शिवनेरीचं चित्र छापायची सूचना केली आहे.

१२ ऑगस्ट, मंगळवार. अंगारकी

ओझरकडे जाणारी गर्दी, दुपारी एकला माल खलास. आडत्याची शुगर फ्री थप्पीही संपत आलीय, नवी गोणी बादलीत निम्मी तरंगली. कढत, ७० अंशांच्या पाण्यात काप थोडे धरले की साखर उतरते, रंग सुधारतो. पण चवही उतरते. तात्यांनी एक घाणा करून पाहिला आणि पुन्हा करणार नाही म्हणाले.

३ सप्टेंबर, बुधवार

मसाल्याचा विषय. तरुण गिऱ्हाईक विचारतं, हे खरं. मावशीने लाल मिरची, जिरं, साखर आणि लिंबूफुलाची पूड करून दिली, झकास जमली. हिंग मात्र घालू दिला नाही, कारण बाजारच्या हिंगात पीठ असतं आणि उपासाला ते चालत नाही. मसाला तळल्यावर, वेगळ्या परातीत, गरम मालावर. कढईजवळ डबासुद्धा आणायचा नाही. चीज आणि टोमॅटोची पूड घ्यायला एक एजंट येऊन गेला, त्याला चहा पाजून वाटेला लावला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सातगाव पठार. पेठ, कुरवंडी, भावडीच्या बाजूला खरिपाची काढणी तोंडावर आलीय. जून-जुलैत पंजाबातून आलेलं बियाणं मंचरच्या बाजारातून इथे चढतं आणि पावसाच्या पाण्यावर बटाटा येतो. उत्तरेत बटाटा हिवाळ्याचा, आपल्याकडे पावसाळ्यातही होतो, ही या पठाराची कमाई.

एका शेतकऱ्याने वाफ्यात पाय रोवून बटाटा उपसून दाखवला. साल इतकी कोवळी, की अंगठा फिरवला तर पदरासारखी सुटते. तेवढीच अडचण. आठवडाभराने साल धरेल तेव्हा काढायचा, नाहीतर गोणीत घासून काळा पडेल. रात्री फार थंड नसल्याने आणि कोल्ड स्टोरेज न पाहिल्याने या बटाट्यात साखर कमी. पट्टीचा रंग जवळपास बदललाच नाही. बादलीत मात्र तो शुगर फ्री इतका सरळ तळाला जात नाही, पावसाचं पाणी अंगात आहे.

करारशेतीचा विषय निघालाच. पठारावर बरेचजण कंपन्यांसाठी पिकवतात. बियाणं कंपनीचं, भाव आधी ठरलेला, माल मापात बसला तर घेणार. बसला नाही तर बाजार. माणसं जपून बोलतात. २०१९ मध्ये गुजरातच्या शेतकऱ्यांवर पेप्सिकोने आपल्या एफसी-५ या बटाट्याच्या वाणावरून लावलेले दावे त्यांना चांगले आठवतात. कोटीच्या वर भरपाई मागितली होती, गदारोळ झाल्यावर मे महिन्यात दावे मागे घेतले. आम्ही त्या वाणाच्या वाटेला जाणार नाही. चिपसोना मिळाला तर उत्तम. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने तो खास वेफर्ससाठीच काढला आहे आणि सरकारी वाण असल्याने कुणाची परवानगी लागत नाही. नाही मिळाला तर ज्योती. पुखराज भाजीला सुरेख, वेफर्सला पाणचट.

दोन शेतकऱ्यांशी तोंडी ठरलं. आम्ही मोठा आणि मध्यम माल घेणार, वाकडातिकडा असला तरी. कंपनीला गोल लागतो, कारण यंत्राला गोल लागतो. तात्यांना चालतो कसाही. लांबट काप निघेल, एवढंच.

२७ सप्टेंबर, शनिवार

पठारावरचा पहिला माल, नवरात्रात. रंग फिका सोनेरी, डाग जवळजवळ नाही. वास ओल्या मातीच्या बटाट्याचा, भाचीचं नाक खरं होतं. कडकपणा थोडा कमी, कारण सुका अंश कमी, त्यामुळे तात्यांनी काप किंचित जाड केले आणि आच थोडी उतरवून घाणा लांबवला. कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच घाण्याला चव आली.

गिऱ्हाइकांनी ओळखलं. एकाने विचारलं, "मागच्यापेक्षा वेगळं लागतंय, काय बदललं?" मी उत्तर द्यायच्या आत मावशीच म्हणाली, "बटाटा बदलला. आता पठाराचा आहे, डिसेंबरपर्यंत हाच." त्यांनी अर्धा किलो जादा घेतला. कंपनीच्या एखाद्या माणसाला हे सांगितलं तर त्याला झोप लागायची नाही. त्याचं सगळं कौशल्य बारा महिने एकच चव राखण्यात खर्ची पडतं, आणि तेही सोपं नाही, मला आता त्याची कल्पना आली आहे. पण आपल्याला तो खेळ खेळायचाच नाही. चव हंगामाने बदलणार, आणि ती बदलली हे आपणच आधी सांगायचं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळीआधीची बैठक. ठरलेलं लिहून ठेवते.

सुटा माल गाळ्यावर, डब्यातून, वजनावर. पाकीट फक्त प्रवाशांसाठी, चंदेरी पिशवीत, दोनच वजनांत. खारा आणि मावशीचा तिखट, तिसरा प्रकार नाही. पुण्यातल्या एका मोठ्या दुकानदाराने महिन्याला भरपूर माल उचलायची तयारी दाखवली होती. त्याला तीन महिने टिकणारा माल हवा होता. नाही कळवलं. मावशीला वाईट वाटलं, पण तिनेच फोन केला.

शिवनेरीचं चित्र रद्द. त्या जागी बटाटा कुठला ते छापायचं: "सातगाव पठार, खरीप". जानेवारीत रब्बीचा माल आला की त्या गावाचं नाव. उन्हाळ्यात कोल्ड स्टोरेजचा वापरावा लागला तर तेही लपवायचं नाही, "साठवणीचा बटाटा, गुजरात" असं स्पष्ट लिहायचं. यावर गटात दोन तट पडले होते. माझं आणि तात्यांचं मत चाललं.

खाली तेल, मीठ, कढई फक्त वेफर्सची, आणि तळल्याची तारीख मोठ्या अक्षरांत. दहा दिवसांत खावेत, उघडल्यावर त्याच दिवशी. तारखेची जागा छापखान्याने कोरी ठेवायची, रोज रबरी शिक्का मारू. शिक्क्याची शाई तेलकट हाताने पुसते, म्हणून तो तळणाऱ्याने मारायचा नाही, निवडणाऱ्या दोघींपैकी एकीने मारायचा. कच्चा नमुना उद्या छापखान्यात.